सुरम्याचं आवतन

आर्णीच्या बसस्टँडवर उतरले आणि समोरच्या फ्लेक्सवर सुरम्या दिसला. गळ्यात झेंडूचा हार, कपाळावर गुलाल, शिंगांना चकचकीत बेगड. खाली मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, ‘कै. सुरम्या स्मृती भव्य शंकरपट’. बैलाच्या नावामागे ‘कै.’ लावलेलं मी पहिल्यांदा पाहिलं. आमच्यात माणूस गेला की कालकथित म्हणतात. माझा आजा गेला तेव्हा गावानं त्याला कालकथितही म्हटलं नाही आणि कैलासवासीही म्हटलं नाही. ‘तिकडचा तो म्हातारा गेला’ एवढंच म्हटलं. बैल मात्र कैलासाला पोचला.

माघ लागला की आमच्याकडे पटाचं वारं सुटतं. तुरी सोंगून झालेल्या असतात, वावरात तुराट्यांचे ढीग असतात, पऱ्हाटीवर शेवटच्या वेच्याची बोंडं मळकट होऊन लोंबत असतात. सकाळी दातावर दात वाजतात आणि दुपारी मानेला ऊन चावतं. अशा दिवसांत कुठल्या तरी गावचं रिकामं वावर नांगरून, सपाट करून, पाणी मारून दाबून घेतात. मधे बांबू रोवतात, दोरी ताणतात. मग टेम्पोतून बैल उतरायला लागतात. भुईमुगाच्या शेंगा विकणारे फल्लीवाले येतात, जिलेबीवाले येतात, टोप्या-गॉगलवाले येतात. एका टोकाला झेंडी पडते आणि दुसऱ्या टोकाला घड्याळ थांबतं. मधे असते ती फक्त धूळ. त्या धुळीतून बैलांची जोडी, मागं चिमुकली छकडी आणि छकडीवर अर्धा उभा, अर्धा लोंबकळता माणूस. त्या माणसाला धुरकरी म्हणतात.

सुरम्याचा धुरकरी माझा काका होता. उत्तमकाका. बाबांचा धाकटा भाऊ.

सुरम्या पांढराशुभ्र होता, पण डोळ्यांच्या कडा काळ्याभोर, जशा कुणी सुरमा घालून दिल्या असाव्यात. म्हणून सुरम्या. नाव काकांनीच ठेवलं. बैल भाऊसाहेबांचा, म्हणजे आमच्या गावातल्या सगळ्यात जास्त वावर असलेल्या घराचा. त्यांनी तो गोऱ्हा असताना पुसदच्या बाजारातून आणला तेव्हा तो नुसता पायांचा सांगाडा होता. त्याला पळायला कुणी शिकवलं, हे गावात सगळ्यांना माहीत आहे. माहीत असणं वेगळं आणि म्हणणं वेगळं. जोडीतला दुसरा बैल दरवर्षी बदलायचा, सुरम्या तोच राहायचा. आमच्या भागातला एकही मोठा पट असा नसेल, जिथून तो गुलाल न घेता परतला.

आणि प्रत्येक पटात माइकवरून आवाज यायचा, “जोडी कोणाची?” गर्दी ओरडायची, “भाऊसाहेबांची!” भाऊसाहेब मंचावर पांढऱ्या कपड्यांत उभे राहून हात जोडायचे. काका तेव्हा धावपट्टीच्या दुसऱ्या टोकाला गुडघे खरचटलेल्या अवस्थेत सुरम्याच्या नाकपुड्यांवरचा फेस दुपट्ट्यानं पुसत असायचे. एवढ्या वर्षांत माइकवर त्यांचं नाव एकदाही आलं नाही. एकदाही नाही. मी लहानपणी कान देऊन ऐकायचे, म्हणून सांगते.

आमच्या घरात दोन भावांचे दोन धर्म होते, असं आई चेष्टेनं म्हणायची. बाबांचा पत्रकांचा आणि काकांचा पटाचा. मी पत्रकांवर वाढले. शब्दशः. बाराखडी मी पत्रकांवरच्या ठळक मथळ्यांवरून गिरवली, पाढे त्यांच्या कोऱ्या पाठीवर लिहिले, पुस्तकांना कव्हरं त्यांचीच घातली. बाबा यवतमाळहून छापून आणायचे आणि सायकलवर गावोगाव वाटायचे. शिक्षण, दारू, भोंदू बुवा, मजुरी असे विषय असायचे. पटालाही जायचे. धुळीत उभं राहून प्रत्येकाच्या हातात कागद द्यायचे आणि म्हणायचे, “आधी वाचा, मंग फल्ली बांधा.” लोक हसायचे. बहुतेक जण आधी त्या कागदात फल्ली बांधायचे.

संध्याकाळी घरी भांडण ठरलेलं.

“तू हाडं मोडून घेते अन् गुलाल त्याले लागते,” बाबा म्हणायचे.

“दादा, बैलाले कुठं माहीत हाय, तो कोनाच्या नावानं पळून राह्यला?” काका म्हणायचे.

“बैलाले माहीत नाई. तुले तं माहीत हाय ना?”

“मले माहीत हाय म्हनूनच सांगतो. छकडीवर उभा असलो का मले कोनाचंच नाव आठवत नाई. माह्यंबी नाई.”

यावर बाबांकडे पत्रक नव्हतं. ते चिडून पाणी प्यायचे. मी बाबांच्या बाजूची होते, आजही आहे. पण काकांचं ते वाक्य कुठल्याच पत्रकात बसत नव्हतं, आणि त्यामुळे ते माझ्या डोक्यात जाऊन बसलं, ते बसलंच.

आता खांदमळणीचं सांगते, कारण माझा सगळा राग तिथून सुरू होतो.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलाचे खांदे मळतात. वर्षभर जू ओढून तिथली कातडी जाड झालेली असते. हळद आणि तूप कोमट करून, पळसाच्या पानानं खांद शेकायची, मग तळहातानं चोळायची. गोठ्यात कंदील असो की बल्ब, उजेड पिवळाच वाटतो, कारण सगळ्यांचे हात पिवळे असतात. चोळून झालं की बैलाच्या कानाशी वाकून म्हणायचं, “आज आवतन घ्या, उद्या जेवाले या.” जनावराला अहो-जाहो करायचं. वर्षभर ज्याला शिव्या दिल्या, त्याला पाहुण्यासारखं बोलवायचं. मला हा रिवाज फार आवडायचा. अजूनही आवडतो. ज्यानं तो पहिल्यांदा सुरू केला, त्याच्या मनात नक्कीच काही लाज शिल्लक असणार.

सुरम्याचं आवतन खरं तर भाऊसाहेबांनी द्यायचं, कारण घर त्यांचं. पण पहिल्याच वर्षी ते म्हणाले, “तूच म्हन उत्तम, त्याले तुहाच आवाज समजते.” तेव्हापासून काका वाकून म्हणायचे, “सुरमेराव, आज आवतन घ्या, उद्या जेवाले या.” कोणाच्या घरी? ज्या घराच्या ओसरीवर काकांना स्वतःला कधी कुणी ‘जेवायला या’ म्हटलं नव्हतं, त्या घरी.

दुसऱ्या दिवशी सुरम्या पायऱ्या चढून ओसरीवर जायचा. त्याचे पाय धुतले जायचे, त्याला ओवाळलं जायचं, परातीत पुरणपोळी ठेवली जायची. काका फाटकाबाहेर कडुनिंबाखाली उभे. त्यांचं जेवण डब्यातून घरी यायचं. “उत्तमच्या घरी पोचवा रे.” डबा रिकामा करून, घासून परत करायचा. काकी राखेनं घासून लख्ख करायची. तिकडे गेल्यावर तो पुन्हा घासला जायचा, आणि मग त्याला खालच्या वेगळ्या फळीवर जागा मिळायची. हे मी स्वतः पाहिलंय, डबा द्यायला मीच जायचे. गंमत म्हणजे ज्या हातांनी सुरम्याचे खांदे मळले, ते हात चालायचे. त्या खांद्यांना हळद-कुंकू लावून सगळं घर पाया पडायचं. हाताला विटाळ नव्हता, तोंडाला होता. असं गणित कुठल्या शाळेत शिकवतात, ते मला कुणीतरी सांगा.

मागच्या पोळ्याला सुरम्या मेला. नीट सांगायचं तर पोळ्यानं मेला.

त्या वर्षी तो फार गाजला होता. त्याच्या शर्यतीचं एक चित्रीकरण कुठून कुठे फिरलं होतं. त्यामुळे तोरण तुटल्यावर अख्खं गाव नैवेद्य घेऊन भाऊसाहेबांच्या अंगणात आलं. शेजारच्या गावातूनही लोक आले. प्रत्येकाला आपल्या हातानं सुरम्याला पोळी भरवायची होती आणि दुसऱ्या हातातल्या मोबाइलनं ते टिपायचं होतं. एकाचं नीट आलं नाही की तो दुसरी पोळी भरवायचा. मुलांना कडेवर घेऊन भरवलं. नव्या सुनेनं भरवलं. पोळी, वर तांदूळ, वर गूळ, वर आणखी पोळी. बैलाचं पोट पुरणासाठी नसतं, हे त्या अंगणातल्या प्रत्येक माणसाला माहीत होतं. सगळे शेतकरीच होते. आपापल्या बैलाला प्रत्येकानं घरी मोजून घासभर दिलं होतं. पण हा बैल कुणाचाच नव्हता ना, हा सगळ्यांचा होता! आपल्या घासानं काय होतंय, असं ज्यानं त्यानं म्हटलं.

फाटकाबाहेरून काका ओरडले, “भाऊसाहेब, बस करा आता, त्याची कूस पाहा, फुगून राह्यली!”

आतून कुणीतरी म्हणालं, “अबे उत्तम, वर्षाचा एक दिवस तं असते बिचाऱ्याचा.”

काका पुन्हा ओरडले. ढोल वाजत होता. फाटक उघडंच होतं. कुलूप नव्हतं, कडीसुद्धा लावलेली नव्हती. तरीही काका आत गेले नाहीत, कारण त्या दिवशी आत पूजा होती आणि पूजा असताना त्या फाटकातून आत जायचं नसतं, हे त्यांच्या पायांना पिढ्यान्‌पिढ्या माहीत होतं. मी यवतमाळहून पोळ्यासाठी आले होते, त्यांच्याशेजारीच उभी होते. मी त्यांना म्हटलं, “काका, चला आत.” ते म्हणाले, “आज नोको बाई, त्याचा सन हाय.” त्याचा सण! सणाच्या दिवशी भांडण नको म्हणून एक माणूस कडुनिंबाखाली उभा राहतो आणि त्याच्या डोळ्यांदेखत त्याच्या आयुष्यातली सगळ्यात मोलाची गोष्ट फुगत जाते.

सुरम्या दुसऱ्या दिवशी सकाळी गेला. डॉक्टर आले होते, नळी घातली होती, सुई टोचली होती. उशीर झाला होता.

तो दिवस तान्ह्या पोळ्याचा. गल्लीत पोरं लाकडाचे बैल ओढत फिरत होती. इडापिडा घालवायचं “घेऊन जा गे मारबत” हे ओरडणं सकाळपासून चालू होतं. त्या लाकडी चाकांच्या खडखडाटातून भाऊसाहेबांचा मोठा मुलगा आमच्या वस्तीत आला. डोळे लाल. मोटारसायकल बंद न करताच म्हणाला, “काका, सुरम्या गेला. बाबांनं बलावलं. पाच-सहा पोरं घेऊन या.”

बाबा दारातच होते. त्यांनी विचारलं, “पोरं कायले?”

“ट्रॉलीत चढवा लागन ना. आमचं कोनी मेल्या जनावराले हात लावत नाई. तुमाले तं माहीतच हाय.”

माहीतच आहे. आमच्या वस्तीत हे वाक्य म्हणजे विहिरीत दगड. माझ्या आज्यानं आणि त्याच्या सोबत्यांनी दीक्षा घेतली, त्यानंतर गावाला पहिली गोष्ट सांगितली ती हीच, की मेलेलं ढोर यापुढे आम्ही ओढणार नाही. त्यासाठी त्यांनी मार खाल्ला. विहिरीवरून हाकलले गेले, कामावरून बंद झाले. आजीनं त्या काळात रानातल्या तरोट्याची भाजी खाऊन दिवस काढले. आज्याच्या त्या एका ‘नाही’वर आमच्या घराच्या भिंती उभ्या आहेत. बाबांची सगळी पत्रकं, माझं शिक्षण, यवतमाळजवळच्या लोहाऱ्याच्या कारखान्यातली माझी नोकरी, हा लेख, सगळं त्या ‘नाही’तून आलेलं आहे. आणि हा मुलगा, जो माझ्याबरोबर शाळेत होता, ज्याच्या मोटारसायकलवर संविधानाच्या उद्देशिकेचा स्टिकर होता, तो सहज म्हणून गेला, तुम्हाला तर माहीतच आहे.

बाबा काही बोलायच्या आत काका उठले. शर्ट घातला, दुपट्टा खांद्यावर टाकला.

“उत्तम,” बाबा म्हणाले, “आपला अबा काय सांगून गेलता?”

“याद हाय दादा.”

“मंग कुठं चालला?”

“मी ढोर उचलाले नाई चाललो. सुरम्याले पाहाले चाललो.”

बाबा दारातच थांबले. मी मात्र मागोमाग गेले. मला वाटत होतं, आता काका रडणार, आणि रडता रडता कुणीतरी त्यांच्या हातात दोर देणार, आणि आज्याचा ‘नाही’ त्या ओसरीवर संपणार.

अंगण तसंच होतं. रांगोळी, फुटलेला नारळ, आणि मधे तो. फुगलेलं पोट, आणि डोळे उघडे, काळ्या कडांचे. आदल्या दिवशी गर्दी होती तेवढीच गर्दी होती, पण ती भिंतीला टेकून उभी होती. मधली सगळी जागा मोकळी. काका त्या दिवशी फाटकातून सरळ आत गेले. कुणी अडवलं नाही. मेलेल्या बैलापाशी जायला आम्हाला फाटक नेहमीच उघडं असतं.

ते त्याच्या डोक्यापाशी बसले. दुपट्ट्यानं त्याच्या तोंडावरचा फेस पुसला, जसा प्रत्येक पटानंतर पुसायचे. मग खांद्यावर हात ठेवला. हळद अजून तिथं होती, त्यांनी स्वतःच परवा चोळलेली. त्यांचा तळवा पिवळा झाला. भाऊसाहेब ओसरीवर खांबाला धरून रडत होते. ते रडणं खोटं नव्हतं, हे मला सांगितलंच पाहिजे. ते खोटं असतं तर मला इतका राग आला नसता. माणूस खरोखर रडतो, आणि ज्याच्यासाठी रडतो त्याला हात लावायला पायरीखाली उतरत नाही. असल्या प्रेमाचं काय करायचं?

कुणीतरी जाड दोर आणून काकांपुढे टाकला. “घे उत्तम. मागच्या पायाले बांध. तुहे पोरं कुठं हायेत?”

काकांनी तो दोर उचलला. त्यांनी त्याची नीट गुंडाळी केली, उठले, आणि ओसरीच्या पायरीवर ठेवून दिला.

“ज्याईनं काल पोळी चारली, त्याईनं आज उचला,” ते म्हणाले. आवाज चढवला नाही. “मी डोकं धरतो. मागचे पाय भाऊसाहेब तुमी धरा. तुमचा बैल हाय.”

अंगणात कुणीच हललं नाही. भाऊसाहेबांनी रडणं थांबवलं. मग ते दुसरीकडे पाहून मुलाला म्हणाले, “जेसीबी बलाव.”

जेसीबी आला. आमच्या भागातल्या सगळ्या पटांचा राजा पट्ट्यात अडकून, चारी पाय वर, डोकं खाली लोंबत ट्रॉलीत पडला. तो आवाज मी विसरणार नाही. त्याच्या पुढे डीजे लागला. लोकांनी ट्रॉलीवर लांबून फुलं फेकली. लांबून. काकांनी त्या मिरवणुकीत पाऊल टाकलं नाही. घरी येऊन त्यांनी हात धुतले नाहीत, हे काकी सांगते. हळद आपसूक उतरेपर्यंत तशीच ठेवली.

हे सगळं मी पत्रकात लिहायला बसले होते. मथळाही ठरला होता. काका म्हणाले, “नोको. त्याच्या मरनाचा कागद नोको करू. लोक फल्ली बांधतीन.”

मग आता हा माघ. हा फ्लेक्स. मी दोन दिवसांची रजा टाकून आले ते काकांनी बोलावलं म्हणून. “ये, तुले एक गंमत दाखवतो,” एवढंच फोनवर म्हणाले होते.

मी पोचले त्या दुपारी भाऊसाहेब स्वतः आमच्या अंगणात आलेले. मागं पटाच्या समितीचे दोघं. प्लास्टिकच्या खुर्चीवर बसले. काकीनं पाणी आणलं, तर “आत्ताच घेतलं वो” म्हणाले आणि ग्लास खुर्चीखाली ठेवला. मग म्हणाले, “उत्तम, झालं गेलं सोड. उद्या सुरम्याच्या नावाचा पट हाय. पह्यली झेंडी तुह्या हातानं पडली पायजे. तुह्याबिगर त्याची याद पुरी नाई. माइकवर तुहं नाव घेऊ. सत्कार करू.”

त्यांना काकांची गरज होती, हे उघड होतं. लोक विचारत होते, उत्तम धुरकरी येणार का? पटाचे शौकीन मूर्ख नसतात. फ्लेक्सवर कोण आहे ते त्यांना दिसतं आणि कोण नाही तेही दिसतं.

बाबा आतून ऐकत होते. मी दारात. मला वाटलं, आता तरी काका त्यांना फाटक दाखवतील.

काका हसले. म्हणाले, “येतो भाऊसाहेब. काहून नाई येनार? सुरम्याचं नाव हाय.” मग खुर्चीपाशी गेले आणि थोडे वाकले, जसे गोठ्यात वाकायचे. “पन आधी तुमी आज आवतन घ्या, उद्या जेवाले या.”

समितीतला एक जण हसला. भाऊसाहेब हसले नाहीत. गोठ्यातलं वाक्य त्यांना कळलं होतं.

“येतो ना,” ते म्हणाले. “येतो. मंग सोबतच पटात जाऊ.”

काकी सकाळी अंधारातच उठली. हरभऱ्याची डाळ शिजली, पाट्यावर वाटली गेली. कढीला फोडणी बसली, भजी तळली. आईनं अंगण सारवलं. बाबा, जे माणसानं सण कसे साजरे करावेत यावर पत्रकं काढतात, ते स्वतः जाऊन केळीची पानं घेऊन आले. या घरात त्या घरचं कुणी कधीच जेवलेलं नाही. हे आवतन म्हणजे आज्याच्या ‘नाही’नंतरचं दुसरं पाऊल होतं. पहिलं, आम्ही ओढणार नाही. दुसरं, तुम्ही बसा. सोबत. एवढंच तर आहे सगळं. माझ्या बाबांच्या आयुष्यभराच्या पत्रकांचा सारांश त्या दिवशी काकीच्या तव्यावर फुगत होता.

भाऊसाहेब आले. गळ्यात भगवं उपरणं, हातात काकांसाठी नवा फेटा. गाडी चालूच ठेवायला सांगून आले. पानं मांडलेली पाहून उंबऱ्याबाहेरच थांबले.

“उत्तम, अरे माह्या ध्यानातच नव्हतं. आज माहा उपास हाय.”

काकी हातातली पोळी तशीच धरून बाहेर आली. “आज तं बुधवार हाय ना वो भाऊसाहेब. बुधवारचा कोनता उपास?”

“नवीनच धरला. डॉक्टरनं सांगतलं.”

समितीतल्या दोघांनी जमिनीकडे पाहिलं. काकी आत गेली, पाण्याचा ग्लास घेऊन आली. “असू द्या. पानी तं चालते ना उपासाले?”

मी भाऊसाहेबांच्या हाताकडे पाहत होते. त्यांनी ग्लास घेतला. खरंच घेतला. ओठांपर्यंत नेला. मग खोकला आल्यासारखं केलं आणि ग्लास ओट्यावर ठेवला. पाणी जेवढं होतं तेवढंच होतं.

बैलाला जे आवतन मिळालं, ते त्यानं खाल्लं, मरेपर्यंत खाल्लं. नाही म्हणणं त्याला येत नव्हतं. या माणसाला एक घोट गिळवला नाही. सांगा, यातलं जनावर कोण?

“चाल उत्तम,” भाऊसाहेब म्हणाले, “लोक वाट पाहून राह्यले.”

“तुमी व्हा पुढं,” काका म्हणाले. “आवतन दिलं होतं, पान मांडलं हाय. मी जेवून येतो.”

गाडी गेली. काका हात धुऊन पानावर बसले, बाबांच्या शेजारी. समोर तिसरं पान तसंच वाढलेलं. काकीनं ते उचललं नाही. आम्हीही बसलो. पुरणाला जायफळाचा वास होता, पोळीवर तूप वितळत होतं, आणि दोन वावरं पलीकडून भोंगा ऐकू येत होता. घुंगरांचे आवाज, हलगी, माणसांचा गोंगाट. एका जोडीला पळायची घाई झालेली असावी, तिचं हंबरणं मधेच यायचं. काकांचे कान तिकडे होते. ते मला दिसत होतं. त्यांचा डावा हात मांडीवर आपोआप कासरा धरल्यासारखा मिटत होता. माघातल्या वाऱ्यावर पट बोलावतो तेव्हा धुरकऱ्याला बसवत नाही. पण ते बसले.

आणि मग माइकवरून त्यांचं नाव आलं. पहिल्यांदा. पूर्ण नाव, आज्याच्या नावासकट. “सुरम्याचे धुरकरी जिथं असतील तिथून त्यांनी मंचाकडे यावं. पहिली झेंडी त्यांच्या हस्ते पडणार आहे.” मग पुन्हा. मग पुन्हा, थोडं रागावून. बाबांचा घास हातातच राहिला. ज्या माइकला माझ्या लहानपणी मी कान लावून बसायचे, तो माइक आज्याचं नाव घेत होता आणि आमच्या घरात कुणी उठत नव्हतं.

समितीतला एक जण मोटारसायकलवर धुरळा उडवत आला. अंगणातूनच ओरडला, “उत्तमभाऊ, कायले बसले? पट थांबला तिकडं! भाऊसाहेब विचारून राह्यले, काय सांगू त्याईले?”

काकांनी मान वर केली नाही. पोळीचा तुकडा मोडला, तुपात बुडवला, आणि काकीला म्हणाले, “कढी वाढ थोडी.” मग सावकाश, तोंडातला घास संपल्यावर, त्याला म्हणाले,

“सांग त्याईले, उत्तम जेवून राह्यला.”